आरे, तुंबा आणि धाव

धायरीहून खराडीला पोचायला किती वेळ लागतो, असं धायरीतल्या कुणालाही विचारलं की आधी उलट प्रश्न येतो, "निघणार किती वाजता?" साडेसातला गाडी काढली तर पाऊण-एक तासात माणूस जागेवर असतो. सव्वाआठला निघाला तर सव्वा तास. पावणेनऊला निघाला तर दीड तास धरून चालायचं, आणि पाऊस असेल तर काहीच धरायचं नाही. अंतर तिन्ही वेळा तेच, वीस-बावीस किलोमीटर. म्हणून पुण्याच्या उपनगरांत कुणी अंतर सांगत नाही, निघायची वेळ सांगतं. घरातून निघताना दहा मिनिटं गेली की रस्त्यावर वीस जातात, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

असं का होतं ते कळायला बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणावं. मधोमध लाकडी तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे आणि सगळ्यांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. सोलापूर रस्ता, नगर रस्ता, सातारा रस्ता, सासवड रस्ता, सिंहगड रस्ता, पौड रस्ता, जुना मुंबई रस्ता, नाशिक रस्ता, आळंदी रस्ता. ज्या गावाला जातात त्याचंच नाव मिरवणारे हे सगळे रस्ते म्हणजे पुण्याचे आरे. ते येऊन मिळतात स्वारगेटला, शिवाजीनगरला, स्टेशनला. एके काळी कामंही तिथेच होती: मंडई, लक्ष्मी रस्ता, कॅम्प, सरकारी कचेऱ्या. बाहेरून आत यायचं आणि संध्याकाळी आतून बाहेर जायचं, एवढ्यासाठी आरे पुरेसे होते.

पुढे कामं बाहेर गेली. आधी पिंपरी आणि भोसरी, मग हिंजवडी, मगरपट्टा, खराडी, चाकण, तळेगाव, रांजणगाव. घरंही बाहेर गेली. आता माणूस परिघावर राहतो आणि परिघावरच दुसऱ्या टोकाला कामाला जातो. त्याला हवी आहे धाव, आणि हाती आहेत ते आरेच. १९८७च्या विकास आराखड्यात शहरातून फिरणारा एक वर्तुळाकार मार्ग आखला होता, तो अजून कागदावरच आहे. पश्चिमेला कात्रजपासून देहूरोडपर्यंतचा बाह्यवळण महामार्ग ही त्यातल्या त्यात अर्धी धाव. नऱ्हे, वारजे, बावधन, बाणेर, वाकड ही सगळी त्याच्या कडेने वाढली. पूर्वेला तेवढंही नाही. कात्रजवरून कोंढवा, खडी मशीन चौक, उंड्री, हांडेवाडी, हडपसर, मुंढवा असं तुकडे जोडत जावं लागतं, आणि प्रत्येक तुकड्याची रुंदी वेगळी.

त्या अर्ध्या धावेवरूनही रोजच्या माणसाबरोबर मुंबई-बेंगळुरूची सगळी अवजड वाहतूक जाते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले तो न्यूट्रलवर उतरतात. गिअर निघाला की इंजिनचा अटकाव गेला. मग वीस-पंचवीस टनांचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि खाली पोचेपर्यंत पायाखाली ब्रेकच उरत नाही. इथले एवढे अपघात त्यातून झाले आहेत. दुचाकीवाल्याने या टप्प्यात महामार्गाचा मोह सोडून सेवा रस्त्याने जावं. चार-पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ द्यावीत.

शहराची हद्द मात्र वाढत गेली. २०१७ मध्ये अकरा गावं पालिकेत आली, त्यात धायरी, लोहगाव, केशवनगर, फुरसुंगी होती. २०२१ मध्ये आणखी तेवीस आली: वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे वगैरे. (फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे पुन्हा वेगळी झाली.) गावं आली, गावठाणातले रस्ते तेच राहिले. जो रस्ता बैलगाडी आणि सकाळची दुधाची गाडी यांच्यापुरता होता, त्याच्या पाठीमागच्या शेतांत बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या सगळ्या घरांचं बाहेर पडण्याचं तोंड एकच, मुख्य रस्त्यावरचा फाटा. धायरी फाटा, नऱ्हे फाटा, नांदेड फाटा, वाघोलीचा केसनंद फाटा. सकाळी आठ ते दहा उपनगराचं नशीब या फाट्यांवर ठरतं.

चौकातून किती गाड्या सुटू शकतात, त्याचं गणित ठरलेलं आहे. हिरवा दिवा असताना एका लेनमधून साधारण दोन सेकंदांना एक मोटार सुटते. सिग्नलचा पूर्ण फेरा १५० सेकंदांचा आणि आपल्या बाजूला हिरवा ५० सेकंद असेल, तर एका फेऱ्यात २५ मोटारी. तासाला २४ फेरे, म्हणजे ६०० मोटारी. बहुतेक मोटारीत एकच माणूस असतो, म्हणून ६०० माणसं. साठ-साठ माणसांनी भरलेल्या दहा बस तेवढीच माणसं नेतात आणि दोन फेऱ्यांत निघून जातात. वाकडच्या भूमकर चौकातून हिंजवडीकडे वळणाऱ्या रांगेचं कोडं याहून फार अवघड नाही. महामार्गाचा सेवा रस्ता, पुलाखालून येणारा रस्ता आणि वाकडचा आतला रस्ता, असे तीन प्रवाह एका तोंडात शिरतात. त्यात कुणी उलट्या बाजूने दुचाकी घातली की सुटण्याचा दोन सेकंदांचा ताल मोडतो आणि २५ गाड्यांच्या जागी पंधरा सुटतात. राँग साइडने जाणाऱ्याची दोन मिनिटं वाचतात, ती मागच्या शंभर जणांच्या खिशातून गेलेली असतात.

तरी पुण्याचा माणूस दुचाकी सोडत नाही. त्याला हट्टी म्हणण्याआधी हिशेब मांडून पाहू. धायरी ते खराडी, सगळा प्रवास सार्वजनिक वाहनांनी, सकाळच्या वेळेला. घरून बसथांब्यापर्यंत चालत आठ मिनिटं. बसची वाट दहा. बस स्वारगेटला पोचते पस्तीस मिनिटांत. उतरून मेट्रोच्या फलाटापर्यंत सहा, मेट्रोची वाट चार. स्वारगेट ते जिल्हा न्यायालय आठ. तिथे मार्ग बदलायला सहा, पुन्हा वाट चार. जिल्हा न्यायालय ते रामवाडी अठरा. जिने उतरून रस्त्यावर यायला चार, खराडीच्या बसची वाट दहा, बस पंचवीस. बेरीज १३८ मिनिटं. त्यातली चाकं फिरत होती ती ८६ मिनिटं. उरलेली ५२ मिनिटं गेली सांध्यांत: चालण्यात, जिन्यात, उभं राहण्यात. गाडी कितीही वेगवान आणली तरी ही बावन्न मिनिटं तिच्याबाहेरची आहेत. सव्वा तासाची स्कूटर त्यापुढे आपसूकच जिंकते.

पण स्कूटरचाही हिशेब मांडायला हवा, तो सहसा कुणी मांडत नाही. जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ११०० किलोमीटर. गर्दीत लिटरला चाळीसच्या वर सरासरी मिळाली तर नशीब. साडेसत्तावीस लिटर पेट्रोल, लिटरला शंभराच्या वर भाव, म्हणजे पावणेतीन-तीन हजार रुपये. वर्षाला गाडी तेरा हजार किलोमीटर पळते. दर तीन हजारांना ऑइल धरलं तर तीन महिन्यांनी एकदा आलंच. मागचे ब्रेक शू, एअर फिल्टर आणि दोन वर्षांत एकदा मागचा बेल्ट. चोवीस हजारांच्या आसपास तो बदलायचाच असतो. न बदलता ओढत राहिलं तर तुटतो, आणि तुटतो तो नेमका मुंढव्याच्या पुलावर किंवा जोराच्या पावसात, कारण जोर तिथेच पडतो.

स्कूटरचं गर्दीतलं खरं दुखणं क्लचचं. तिच्या क्लचला तार नसते. इंजिनचे फेरे वाढले की क्लचचे शू बाहेर फेकले जातात, भोवतीच्या वाटीला घट्ट टेकतात आणि मागचं चाक फिरू लागतं. रांगेत आपण ताशी सात-आठच्या वेगाने सरकत राहतो तेव्हा शू पूर्ण टेकतही नाहीत आणि पूर्ण सुटतही नाहीत, नुसते घासत राहतात. घासून तापतात, तापून त्यांच्यावर काचेसारखी गुळगुळीत चकाकी चढते. मग सकाळी गाडी सुटताना सगळं अंग थरथरतं, उड्डाणपुलाच्या चढाला नुसता आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही. मेकॅनिक शू काढून पॉलिश पेपर मारून देतो, त्यावर दोन-तीन महिने निघतात. चकाकी खोलवर गेली असेल तर शू बदलावे लागतात. यावर एकच सवय उपयोगी पडते: रांगेत इंच-इंच सरकू नये. पुढे दोन गाड्यांएवढी जागा झाली की ठामपणे सुटायचं, मग थांबायचं, आणि थांबल्यावर एक्सलरेटर पूर्ण सोडायचा. मागचे हॉर्न वाजवतील. त्यांना वाजवू द्यावं.

हवेकडे तर कुणी बघतच नाही. साध्या स्कूटरला पुढे २२, मागे एकट्यासाठी २९ आणि डबल सीट असेल तर ३६ पीएसआय, हे आकडे गाडीवरच्या स्टिकरवर असतात. पंपावरचा पोरगा न विचारता दोन्हीकडे एकच भरतो, आपण सांगायला हवं. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, टायर थंड असताना. मोटरसायकल असेल तर चेन दर पाचशे किलोमीटरला पुसून तेल द्यायची. म्हणजे या माणसाला महिन्यातून दोनदा.

जूनचा पहिला पाऊस सर्वांत वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं ऑइल आणि डिझेल पाण्यावर तरंगतं आणि सिग्नलच्या पट्ट्याजवळ, बसथांब्यापुढे, म्हणजे गाड्या जिथे उभ्या राहून ठिबकतात तिथे, साबणासारखा थर होतो. पहिली दोन-तीन दिवसं तिथे पुढचा ब्रेक एकटा दाबू नये. पाण्यातून जावंच लागलं तर वेग कमी ठेवून एक्सलरेटर एकसारखा धरावा. मधेच सोडला की सायलेन्सरमधून पाणी आत ओढलं जातं. बंद पडली तर तिथेच सेल्फ मारत बसू नये, ढकलत कोरड्यात न्यावी. बाहेर पडल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालवावी, ड्रममधलं पाणी वाळतं. आणि खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता त्या दिवसापुरता विसरायचा. डेक्कनचा सगळा भार मग लकडी पुलावर आणि म्हात्रे पुलावर येतो, त्यामुळे कोथरूड-सिंहगड रस्त्याच्या माणसानेही त्या दिवशी वीस मिनिटं आधी निघावं.

बसचं पाहू. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा २००७ मध्ये एक होऊन पीएमपीएमएल झाली, तरी जुनी माणसं अजून 'पीएमटी'च म्हणतात. स्वतंत्र बसमार्गाचा देशातला सुरुवातीचा प्रयोग २००६ च्या अखेरीला इथेच झाला, कात्रज-स्वारगेट-हडपसर. पुढे २०१५ पासून संगमवाडी-विश्रांतवाडी आणि औंध-रावेत असे बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेले, मार्ग झाले. तिथे थांबा रस्त्याच्या मधोमध असतो आणि बसचं उजवं दार उघडतं, त्यामुळे नवख्याने बीआरटीचा टप्पा आला की उजव्या दाराकडे सरकून राहावं. नगर रस्त्यावरचा असा मार्ग पुढे उखडला गेला. बससाठी राखलेली लेन मोटारींना दिल्याने मोटारी सुटत नाहीत. चार महिन्यांत ती लेनही भरते, आणि बस मात्र कायमची रांगेत अडकते. हे वाईट झालं असंच म्हणावं लागेल.

जून २०२५ पासून पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतला दिवसाचा पास ७० रुपये आणि महिन्याचा १५०० रुपये झाला. दुचाकीच्या पेट्रोलच्या निम्माच. मग अडतं कुठे? अडतं ते अर्धा तास वाट पाहिल्यावर दोन बस एकामागे एक येतात तिथे. ही कुणाची खोडी नसते. पहिल्या बसला कुठल्याशा चौकात चार मिनिटं उशीर होतो. त्या चार मिनिटांत पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात, ती चढायला जास्त वेळ लागतो, उशीर आणखी वाढतो. मागच्या बसला त्यामुळे थांब्यांवर कुणी उरतच नाही, ती भराभर येते आणि पहिलीला गाठते. तासाला चार बस पंधरा-पंधरा मिनिटांनी आल्या तर सरासरी वाट साडेसात मिनिटांची. त्याच चार बस दोन-दोनच्या जोडीने आल्या तर पंधरा मिनिटांची. बस तेवढ्याच, इंधन तेवढंच, माणसाचा वेळ दुप्पट. अशा वेळी पुढच्या भरलेल्या गाडीला लोंबकळू नये. मागची रिकामी असते आणि पुढच्या दोन थांब्यांत ती पुढे निघूनही जाते.

रोजचे लोक आणखी एक करतात, उलटं जातात. मधल्या थांब्यावर बस भरून येते म्हणून एक-दोन थांबे मागे, जिथून गाडी सुटते तिथे जाऊन बसतात. पाच मिनिटं जास्त जातात, पण पाऊण तास बसायला मिळतं. कमरेचं दुखणं असलेल्या, दिवसभर उभ्याचं काम करणाऱ्या माणसाला ही पाच मिनिटं फार स्वस्त पडतात. बसमध्ये डावीकडची बाकं महिलांची, हे सगळ्यांना माहीत असतं. पाळायला मात्र पुष्कळदा कंडक्टरला सांगावं लागतं. दुपारी चालक-वाहकांच्या पाळ्या बदलतात तेव्हा फेऱ्यांत खंड पडतो, म्हणून अर्ध्या दिवसाच्या रजेवर निघणाऱ्याने ॲपवर गाडी कुठे आहे ते पाहूनच थांब्यावर जावं.

मेट्रो आली ६ मार्च २०२२ ला, तुकड्या-तुकड्याने. आधी वनाज ते गरवारे आणि पिंपरी ते फुगेवाडी, मग १ ऑगस्ट २०२३ ला दोन्ही तुकडे जिल्हा न्यायालयापाशी जुळले, मार्च २०२४ मध्ये रामवाडी आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर जमिनीखालून स्वारगेट. पिंपरीहून स्वारगेट आता पाऊण तासाच्या आत, आणि हा वेळ रोज तोच. या शहरात ठरलेल्या वेळेचं मोल फार मोठं आहे. नोकरी करणाऱ्या बाईला सात वाजता पाळणाघर गाठायचं असतं. लवकर पोचवणाऱ्या वाहनापेक्षा नेमकं कधी पोचवेल ते सांगणारं वाहन तिला जास्त हवं असतं.

जिल्हा न्यायालयाचं स्थानक मात्र समजून घ्यावं. स्वारगेट-पिंपरी मार्ग तिथे जमिनीखाली शंभर फुटांहून खोल आहे आणि वनाज-रामवाडी मार्ग जमिनीच्या वर. एकातून दुसऱ्यात जाणं म्हणजे दहा-अकरा मजल्यांहून जास्त चढणं. सरकते जिने एकामागे एक घेतले तर पाच-सहा मिनिटं, लिफ्टसाठी रांग असेल तर जास्त. शेवटच्या डब्यातून उतरून अख्खा फलाट चालण्यापेक्षा जिन्यासमोरचा डबा कोणता ते दोन दिवसांत हेरून ठेवावं. आणि दाखवलेल्या वेळेवर पाच मिनिटं वाढवूनच पुढची बस धरावी.

मेट्रोची दुखरी बाजू जिन्याच्या खालच्या पायरीपासून सुरू होते. खूप स्थानकांना गाडी लावायला जागा नाही. उतरल्यावर पदपथ अरुंद, त्यावर रिक्षा उभ्या. रामवाडीहून खराडी पाच-सहा किलोमीटर, वनाजहून बावधन जवळपास तितकंच. हे अंतर चालण्याजोगं नाही आणि रिक्षाने रोज परवडत नाही. मीटरने दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये धरले तर सहा किलोमीटरचे शंभर होतात, मेट्रोच्या तिकिटाच्या तिप्पट. शेअर रिक्षा वीस-तीसात नेते, पण ती भरल्याशिवाय सुटत नाही. साडेआठला दोन मिनिटांत भरते, अकराला पंधरा मिनिटं लागतात, आणि रात्री नऊनंतर तिचा भरवसा धरता येत नाही. रात्री परतणाऱ्या बायका म्हणून थांबा निवडताना घराजवळचा बघत नाहीत, उजेडाचा बघतात. जिथे मेडिकलचं दुकान उघडं असतं, वडापावची गाडी असते, तिथे उतरून दोनशे पावलं जास्त चालतात. थांब्यावर दिवा असणं ही चैनीची गोष्ट नाही, पण अनेक थांब्यांवर तो नसतो.

लोकलबद्दल मात्र मन भरून लिहावंसं वाटतं. ११ मार्च १९७८ ला पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. ६४ किलोमीटर, सतरा स्थानकं, सव्वा तासाच्या आसपासचा प्रवास. पुणे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. रोजचा माणूस ही नावं डोळे मिटून म्हणतो आणि मिटल्या डोळ्यांनीच आपलं स्थानक ओळखतो. दापोडीच्या अलीकडे नदीच्या पुलाचा आवाज येतो, देहूरोडनंतर गाडीतली निम्मी गर्दी उतरलेली असते, तळेगावच्या पुढे खिडकीतून भाताचा वास येऊ लागतो. खडकीला दारूगोळा कारखान्याचे कामगार, दापोडीला एसटीच्या वर्कशॉपचे, देहूरोडला लष्करी डेपोचे, आकुर्डीला कॉलेजची पोरं. कान्हे-कामशेतहून भाजीच्या पाट्या आणि दुधाच्या किटल्या. मावळातलं आख्खं जगणं हिच्या वेळापत्रकाला बांधलेलं आहे. बारशाचा मुहूर्तसुद्धा कोणत्या लोकलने पाहुणे येतील ते पाहून ठरतो.

ती उशिरा का होते? मार्ग दोनच, एक जाणारा आणि एक येणारा, आणि त्यावरूनच मेल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या. मागून एक्स्प्रेस येत असेल तर लोकलला बाजूच्या मार्गावर घेऊन थांबवतात. एक्स्प्रेस पुढे गेली तरी दोन सिग्नलांमधलं अंतर मोकळं झाल्याशिवाय लोकल सुटत नाही. दहा मिनिटं तिथेच गेली. तिसऱ्या-चौथ्या मार्गाची मागणी म्हणून इतक्या वर्षांची आहे. दुपारी रुळांच्या देखभालीसाठी गाड्यांत मोठा खंड असतो, त्या वेळी अर्ध्या दिवसाच्या शाळा-कॉलेजांतली मुलं फलाटावर बसून राहतात. लोकलचा पास महिन्याचा काढण्याऐवजी तीन महिन्यांचा काढावा, स्वस्त पडतो आणि रांगही वाचते. जागा मिळावी म्हणून उलटं जाऊन आधीच्या स्थानकावरून चढणार असाल तर पास त्या स्थानकापासूनच काढावा, नाहीतर तपासनीस दंड करतो आणि त्याचं ते बरोबरच असतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोहगड-विसापूर आणि भाज्याची लेणी पाहायला निघालेली गर्दी मळवलीपर्यंत दारं अडवून उभी असते. त्या दिवशी पाळीला जाणाऱ्याने एक गाडी आधी धरावी.

लोकल आणि मेट्रो आता बऱ्याच ठिकाणी हाकेच्या अंतरावर आहेत: कासारवाडीला, जिथे मेट्रो स्थानकाचं नाव नाशिक फाटा आहे, दापोडीला, शिवाजीनगरला आणि पुणे स्टेशनला. तळेगावच्या माणसाला मंडईत जायचं असेल तर शिवाजीनगरला उतरून मेट्रो धरणं हा आजचा सर्वांत सरळ रस्ता, आणि पुष्कळांना तो अजून माहीत नाही.

चाकण, रांजणगावची गोष्ट वेगळी. तिथे कंपनीची बस हेच वाहन. निगडी, चिंचवड, काळेवाडी फाटा, भोसरी अशी तिची ठरलेली ठिकाणं असतात आणि ती दोन मिनिटांवर थांबत नाही. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे साडेपाचला चौकात उभा असतो, सिग्नलच्या पुढच्या बाजूला, कारण बस सिग्नल ओलांडून मगच थांबते. ती चुकली तर नाशिक रस्त्याने मिळेल त्या वाहनाने जायचं, पंच उशिरा पडतो, आणि असे तीन उशीर झाले की पुष्कळ ठिकाणी अर्धा दिवस कापला जातो.

शेवटी पुन्हा धायरीशी येऊ, कारण सांधा कसा जुळवता येईल ते तिथे बोटावर मोजून दाखवता येतं. धायरी गावापासून फाटा अडीच-तीन किलोमीटर. थेट स्वारगेटच्या बस आहेत, पण त्या याच चिंचोळ्या रस्त्यातून रांगत येतात, म्हणून फाट्यापर्यंतच वीस मिनिटं उशिरा होतात आणि तो उशीर स्वारगेटपर्यंत आणि परत असा दिवसभर वाहत राहतो. मोठ्या बस फाट्यावरूनच सुटाव्यात, दर सात-आठ मिनिटांनी. गाव ते फाटा छोट्या बस चालवाव्यात. जाऊन-येऊन साडेपाच किलोमीटर, सकाळच्या गर्दीत ताशी तेराच्या वेगाने पंचवीस मिनिटं, टोकांना मिळून पाच मिनिटं विसावा, म्हणजे अर्ध्या तासाचा फेरा. दर दहा मिनिटांनी गाडी हवी तर तीन बस लागतील. फक्त तीन, सकाळी सात ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ. गावाच्या टोकाला सात मीटरची बस वळेल एवढी जागा मोकळी ठेवायची आणि फाट्यावर पावसात उभं राहता येईल असं छप्पर टाकायचं, खाली दिव्यासह.